एकाच बसमधले दोन बाप

त्या आठवड्यात माझी पहिली पाळी होती. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी तपासणीला आहे. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे तयार भाग, हातात घ्यायचा, मापाचं गेज लावायचं, बसला तर उजवीकडे, नाही बसला तर डावीकडे. इतकी वर्षं हेच करतोय. मोबाईल आत न्यायला बंदी आहे, ते गेटवरच्या लॉकरमध्ये राहतात. त्यामुळे घरी काही झालं तर फोन गेटवर येतो, गेटवरून ऑफिसात, आणि ऑफिसातून सुपरवायझर चालत येतो. तो असा मधूनच चालत येताना दिसला की लाईनवरचा प्रत्येकजण आधी त्याच्या तोंडाकडे बघतो.

अकराच्या सुमाराला तो माझ्यापाशी येऊन थांबला. "पोराला लागलंय म्हणं शाळेत. सरकारी दवाखान्यात बोलावलंय. गेटपास केलाय, जावा."

मी हात पुसत गेटवर आलो तर तिथं पावणं आधीच उभे होते.

पावणं हे त्यांचं नाव नव्हे. ते मूळचे गडहिंग्लजकडचे. सात-आठ वर्षांपूर्वी कंपनीच्या बसमध्ये पहिल्या दिवशी ते दोन जणांच्या सीटवर पसरून बसले होते, मी म्हणालो, "सरका की पावणं", आणि तेव्हापासून सगळ्या बसनं तेच नाव धरलं. पुढं मंगळवार पेठेत, आमच्याच गल्लीत, त्यांना खोली मीच बघून दिली. त्यांचा मुलगा आणि माझा मुलगा एका वर्गात, आठवीत. एकाच सायकलवरून शाळेला जायचे. कोण चालवणार आणि कोण मागं बसणार यावरून रोज सकाळी दारात भांडण. बाकी भांडण कधी नाही.

"तुम्हालाबी तेच सांगितलं?" पावण्यांनी विचारलं.

"व्हय. लागलंय म्हणाला."

"सायकलवरनं पडली असत्याल दोघं. डबल सीट जाऊ नका म्हणून किती वेळा सांगितलं."

त्या दिवशी सकाळी त्यांची बस चुकली होती म्हणून ते मोटारसायकल घेऊन आलेले. मी मागं बसलो. हायवेला त्यांनी गाडी पळवली. मी त्यांचा खांदा धरला होता. सिग्नलला थांबल्यावर मान वळवून म्हणाले, "जास्त न्हाय लागलं असणार. पोरांची हाडं ओली असत्यात." मी म्हणालो, "व्हय की." पुढच्या सिग्नलला मी माझ्या बायकोला फोन लावला, तिनं उचलला नाही. त्यांच्या बायकोचाही लागला नाही. दोघींचे फोन लागत नाहीत म्हणजे दोघीही दवाखान्यात एकत्र असतील, असा आम्ही अर्थ काढला आणि त्या अर्थानं आम्हाला थोडं बरं वाटलं.

दवाखान्यात अपघात विभागाच्या बाहेर पावण्यांची बायको बाकावर बसली होती. तिच्या ओढणीला रक्त होतं. आम्हाला बघून ती उठली. तिनं नवऱ्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघत त्यांना म्हणाली, "ह्यांना कशाला घेऊन आलाय?"

मला काही कळेना. शाळेचे एक सर तिथं उभे होते. त्यांनी मला हाताला धरून जिन्याच्या चार पायऱ्या खाली नेलं. "निरोपात गोंधळ झाला. तुमचा मुलगा इथं नाही. तो पोलिसांकडं आहे. तुमच्या मिसेस तिकडंच गेल्यात." मग त्यांनी सांगितलं. मधल्या सुट्टीत, मैदानाच्या मागच्या बाजूला, माझ्या मुलानं पावण्यांच्या मुलाला मागून हाक मारली. तो वळला. वळता वळता माझ्या मुलानं हातातलं स्टीलचं कडं बोटांवर ओढून त्याच्या तोंडावर ठोसा मारला. डाव्या डोळ्याच्या खालचं हाड मोडलं होतं. डोळ्याचं काय ते डॉक्टर सांगतील. वर्गातलाच तिसरा एक मुलगा चोरून आणलेल्या मोबाईलवर हे सगळं काढत होता.

"भांडण झालं होतं का?" मी विचारलं.

"नाही. तेच तर." सर म्हणाले. "डबा एकत्र खाल्ला होता दोघांनी."

मी जिन्यावरून वर बघितलं. पावणं दाराला टेकून उभे होते. त्यांना बायकोनं सांगितलं होतं एव्हाना. ते माझ्याकडं बघत होते, पण रागानं नव्हे. आपण ज्याला गाडीवर घेऊन आलो तो माणूस कोण, असं काहीसं त्या बघण्यात होतं. मी वर गेलो नाही. खाली उतरलो आणि रिक्षा केली.

चौकीत एक महिला पोलीस होती, तिशीतली असेल. तिनं मला व्हिडिओ दाखवला. दाखवलाच पाहिजे असं नव्हतं, मीच मागितला. फार तर दहा सेकंदांचा. माझा मुलगा चालत येतो. आधी केसावरून हात फिरवतो, जसं ही पोरं फोटो काढताना फिरवतात. मग बाही वर करतो. कडं बोटांवर घेतो. हाक मारतो. मारतो. आणि मारल्यावर खाली पडलेल्या मित्राकडं न बघता मोबाईलकडं बघतो, मान थोडी तिरकी करून, हसत. मग खालून आवाज येतो आणि त्याचं हसू जातं. तिथं व्हिडिओ थांबतो.

ते कडं मीच घेऊन दिलं होतं. जत्रेत त्यानं हट्ट केला. मी म्हणालो, घे, हाताला चांगलं दिसतंय.

मुलगा आतल्या खोलीत खुर्चीवर बसला होता. त्याची आई त्याच्या शेजारी उभी होती, भिंतीला धरून. मी त्याला मारलं नाही. खूप जणांनी नंतर विचारलं, मारला का? एवढं अंगात त्राण नव्हतं, हे खरं उत्तर. मी विचारलं, "का रं?"

"सगळी करतात," तो म्हणाला.

"कोण सगळी?"

"मोबाईलवर."

"त्याला सांगितलं होतंस? की असं असं करायचंय म्हणून?"

तो म्हणाला, "न्हाय. सांगितलं असतं तर त्याचं तोंड खरं आलं नसतं." आणि लगेच, "मी हळू मारणार होतो."

बायकोनं भिंतीवरचा हात काढून तोंडावर धरला.

संध्याकाळी पोलीस घरी येऊन आमच्या घरातला मोबाईल घेऊन गेले. नेण्याआधी त्या महिला पोलिसानं तो आमच्यासमोर उघडला. लॉकडाऊनमध्ये मुलगा तिसरीत होता, शाळा मोबाईलवर भरायची, तेव्हा माझा जुना फोन त्याला दिला होता, काच तडकलेला. शाळा परत सुरू झाली, फोन त्याच्याकडंच राहिला. गृहपाठ त्यावर येतो, असं तो म्हणायचा, आणि येतही होता. सिम माझ्या नावावरचं. त्यानं खातं काढताना जन्मतारीखही माझीच घातली होती. त्या मोबाईलच्या लेखी तो सत्तेचाळीस वर्षांचा गृहस्थ होता, आणि सत्तेचाळीस वर्षांच्या गृहस्थाला काय वाट्टेल ते दाखवायला हरकत नव्हती.

तिनं बोटानं एकेक व्हिडिओ वर सरकवला. कुठली कुठली गावं, कुठली कुठली पोरं. प्रत्येकात तेच. कुणीतरी मागून येतं, कुणीतरी वळतं, ठोसा बसतो, मग तेच परत हळू करून दाखवतात आणि वर ढणाढणा गाणं. काही खोटे असावेत. काही खोटे नव्हते. एका व्हिडिओतला मुलगा पडल्यावर उठलाच नाही आणि त्यालाही गाणं लावलेलं होतं.

"हे सगळं इथं बसून बघत होता?" बायकोनं विचारलं.

ती घरी ब्लाऊज शिवते. मशीन खिडकीपाशी आहे. तिच्यापासून हातभर अंतरावर, कॉटवर, तो कानात वायर घालून पडलेला असायचा. गल्लीतल्या बायकांना ती सांगायची, आमचा कुठं उंडगायला जात नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात, घरातच असतो. मी पाळीवरून आलो की मला झोप पाहिजे असायची. घर शांत असायचं. त्या शांततेबद्दल आम्ही दोघंही मनातून त्या मोबाईलचे उपकार मानत होतो. हे मी आता लिहितोय, तेव्हा असं शब्दांत कधी आलं नव्हतं.

"आता रोजचंच झालंय काका," ती महिला पोलीस म्हणाली. मोबाईल पिशवीत घातला, पिशवीवर काहीतरी लिहिलं, माझी सही घेतली. जाताना तिनं पाणी मागितलं. ती पण दमलेली होती.

मुलगा काही दिवस निरीक्षणगृहात होता. मग मुलांच्या कोर्टानं त्याला आमच्या ताब्यात दिलं. दर आठवड्याला एका मॅडमना भेटायचं, बोलायचं, त्या सांगतील ते काम करायचं. शाळेनं दाखला दिला. दुसऱ्या शाळेत घालायला मी तीन ठिकाणी फिरलो, चौथ्या ठिकाणी घेतला.

मी आठ दिवस रजा काढली होती. नवव्या दिवशी जावंच लागलं. सकाळी स्टॉपवर उभा राहिलो तर पावणं नव्हते. बस आली, मी चढलो, तर ते आधीच आत. आमच्या स्टॉपच्या आधीच्या स्टॉपपर्यंत चालत जाऊन चढले होते. पुढं कितीतरी महिने ते तेवढं चालत गेले. मी मागं बसायचो, ते पुढं. बसमध्ये पूर्वी आम्ही दोघं दंगा करणारे. आता कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. डबा खाताना कुणी माझ्याजवळ बसलं की तो लगेच म्हणायचा, "पोरंच हाईत, चुकत्यात." आणि मला माहीत असायचं की हाच पावण्यांच्या जवळ बसून म्हणाला असणार, "सोडू नका अजिबात." दोन्ही मनापासूनच म्हणत असतील.

एकदा गल्लीतला एक पुढारी घरी आला. म्हणाला, "मिटवून टाकूया. मी बोलतो त्यांच्याशी." मी त्याला चहा दिला आणि नको म्हणालो. काय मिटवणार होता तो? त्या मुलाचं एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं व्हायचं होतं.

मीच एका रविवारी पावण्यांच्या घरी गेलो. बायको म्हणाली, नका जाऊ. मी गेलो. वहिनींनी दार उघडलं. आत या म्हणाल्या नाहीत, पण पाण्याचा तांब्या आणून दिला. उंबऱ्यात उभा राहून मी पाणी प्यालो.

"पोरगं कसं आहे?" मी विचारलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "तुमचा आवाज ऐकला की तो आत जातो."

मी तांब्या खाली ठेवला. पावणं बाहेर आले. चप्पल घालून माझ्याबरोबर गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत चालत आले. तिथं थांबले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "त्या दिवशी गाडीवर मी तुम्हाला धीर देत होतो. ध्यानात हाय?"

"हाय."

"ते मला जात न्हाय डोक्यातनं. पोराच्या डोळ्याचं एक वेळ जातंय, ते न्हाय जात." मग म्हणाले, "घरी येत जाऊ नका. राग न्हाय. पण नका येऊ."

मी बरं म्हणालो.

त्यानंतर साधारण महिनाभरानं, दुपारची गोष्ट. मी पहिल्या पाळीवरून येऊन जेवून पडलो होतो. मुलगा खिडकीत अभ्यासाला बसला होता. आता तो बराच वेळ पुस्तक उघडं ठेवून बसतो, वाचतो की नाही कोण जाणे. गल्लीत लहान पोरं खेळत होती, पाच-सहा वर्षांची. ओरडा, हसणं, नेहमीचं. मुलगा एकदम उठून उभा राहिला. मी उठून त्याच्या मागून खाली गल्लीत बघितलं.

एक पोरगं पुढं चाललं होतं. दुसरं मागून दबकत येत होतं. त्यानं मनगटावरचं रबर बोटांवर ओढलं, केसावरून हात फिरवला आणि हाक मारली. पुढचं वळलं, धप्पकन खाली पडलं. तिसरं पोरगं बिस्किटाचा पुडा दोन्ही हातांनी आडवा धरून त्यांच्यासमोर उभं होतं. मारणारं पोरगं मान तिरकी करून त्या पुड्याकडं बघून हसलं. मग पडलेलं उठलं आणि म्हणालं, "आता मी मारणार!"

माझ्या मुलाचा तो व्हिडिओ पोलिसांनी घेण्याआधीच वर्गातल्या त्या तिसऱ्या मुलानं चार जणांना पाठवला होता. त्या चारांनी किती जणांना पाठवला कोण सांगणार. कुणीतरी त्याला गाणं लावलं होतं. बसमध्येही एकानं तो बघितला होता, मला बघून मोबाईल उलटा ठेवला, तेव्हा मला कळलं होतं. पण मुलाला मी बोललो नव्हतो.

मुलगा खाली गेला. मी खिडकीतूनच बघत राहिलो. मला वाटलं आता हा पोरांना मारतो की काय. तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "असं खेळू नका," म्हणाला, अगदी बारीक आवाजात. पोरं त्याला बघून हरखलीच. पुडा धरणारं पोरगं त्याच्या शर्टाला लोंबकळत म्हणालं, "दादा, तू कर की! तू खरं करतोस तसं कर!"

तो तसाच उभा राहिला. मग वर आला, मोरीत गेला आणि ओकला. बायकोनं मशीन थांबवलं. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तो मोरीच्या कट्ट्याला धरून मोठ्यानं रडला. निरीक्षणगृहातून आला तेव्हा रडला नव्हता. कोर्टातही रडला नव्हता.

मी खाली जाऊन पोरांवर ओरडलो. फार ओरडलो. एकाची आई दारात आली. "त्यांच्यावर कशाला ओरडताय?" ती म्हणाली. "तुमच्याच पोराचं बघून करायला लागल्यात." ती भांडखोर बाई नव्हे. एरवी बायकोकडं ब्लाऊज शिवायला येते. मी तिला विचारणार होतो की तुमच्या पोरानं ते कुठं बघितलं, कुणाच्या मोबाईलवर, तेव्हा तुम्ही कुठं होता. विचारलं नाही. ती कुठं असणार ते मला ठाऊक होतं. स्वयंपाक करत असेल, कपडे वाळत घालत असेल आणि पोरगं गप्प आहे म्हणून सुटकेचा श्वास टाकत असेल.

नव्या शाळेचा गृहपाठही मोबाईलवरच येतो. मी वर्गशिक्षिकेला भेटून सांगितलं की आमच्या घरी मोबाईल मुलाच्या हाती देत नाही. त्या म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, पण ग्रुपवर टाकल्याशिवाय आम्हाला जमत नाही. म्हणून रोज संध्याकाळी मी माझा मोबाईल काढतो, त्याच्या शेजारी बसतो, तो वहीत उतरवून घेतो. अर्धा तास लागतो. दुसऱ्या पाळीचा आठवडा असला की बायको बसते. कधी कधी बसल्या बसल्या माझा डोळा लागतो. जाग येते तेव्हा मोबाईल पालथा ठेवलेला असतो आणि तो वहीत लिहीत असतो. मी खरं मानतो. न मानून काय करू? आणि तरी तो झोपल्यावर मोबाईल उघडून काय बघितलंय ते तपासतो. दिवसभर तेच, घरी येऊनही तेच. कधी काही सापडत नाही. न सापडल्याचं समाधान दुसऱ्या दिवशीपर्यंतच टिकतं.

पावण्यांनी पाळी बदलून घेतली. आता मी सुटतो तेव्हा ते कामावर येतात, नाहीतर उलट. गेटवर दोन्ही पाळ्यांची माणसं एकमेकांच्या अंगावरून जातात, तेवढीच गाठ. ते मान खाली घालून जायचे, मीही.

गेल्या महिन्यात लॉकरपाशी गर्दी होती आणि आम्ही अगदी शेजारी आलो. मी बाजूला होणार तेवढ्यात ते म्हणाले, "खेळायला जायला लागलाय."

मला क्षणभर कळलं नाही की माझ्याशीच बोलतायत.

"क्रिकेट," ते म्हणाले. "डाव्या डोळ्यानं धुरकट दिसतंय. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच. चेंडू लवकर दिसत न्हाय त्याला. सारखा आऊट होतोय. पण जातोय."

"बरं झालं," मी म्हणालो.

"तुमचं काय करतंय?"

"शाळेला जातंय. गप्प असतंय."

त्यांनी मान हलवली. भोंगा झाला आणि ते आत गेले.

घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. मुलगा कॉटवर बसून ऐकत होता. त्याच्यासमोर त्या घराचं नाव आम्ही काढत नव्हतो, त्यानंही कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मात्र जेवताना त्यानं विचारलं, "डावा डोळा न्हवं?"

"व्हय."

तो भात कालवत राहिला. मग म्हणाला, "तो उजव्या हातानं खेळतो. मग डावा डोळा पुढं येतोय बॉलरकडं. त्याला डावरा उभा राहायला सांगा. चांगला डोळा पुढं येईल. सुरुवातीला जमणार न्हाय, पण जमेल."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, बघू.

अजून सांगितलेलं नाही. दोनदा पावणं दिसले, दोन्ही वेळा भोंगा व्हायच्या बेतात होता. आणि खरं सांगायचं तर कुणी सुचवलं म्हणून सांगू, हे मला ठरवता येत नाही. माझं म्हणून सांगितलं तर ते खोटं. त्याचं म्हणून सांगितलं तर पावणं काय म्हणतील, ते घरी जाऊन मुलाला काय सांगतील, तो मुलगा ऐकून आतल्या खोलीत जाईल की बॅट उचलेल, याचा मी बसमध्ये रोज विचार करतो आणि आमचा स्टॉप येईपर्यंत बहुतेक वेळा मला झोप लागलेली असते.